सात इंची म्हणजे नेमकं किती? जुन्या मोटारसायकलींच्या हेडलाइटबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात हेडलाइटचीच पत्रं जास्त आहेत. इंदूर, महू आणि देवासकडच्या वाचकांच्या अडचणी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, म्हणून त्यांची उत्तरं एकत्र देत आहोत.

प्रश्न : वडिलांची १९६०च्या दशकातली बुलेट ३५० आहे. हेडलाइटची काच तडकली आणि रिफ्लेक्टरला आतून गंज धरला. छोट्या ग्वालटोलीत तीन दुकानांत विचारलं. तिघांनीही ‘सात इंची, फिट हो जाएगा’ म्हणत तीन वेगवेगळे डूम काढून दिले. दोन रिंगमध्ये बसलेच नाहीत. तिसरा रिंगमध्ये बसला, पण मागून कुठेतरी अडला आणि रिंग पूर्ण बंद होईना. दुकानात नेमकं काय मागायचं?
— एक वाचिका, स्नेहनगर, इंदूर

उत्तर : ताई, आधी एक गोष्ट लक्षात घ्या. तुम्हाला डूम नकोच आहे. तुमच्या बुलेटला सुटी हेडलाइट नसते. फोर्कच्या डोक्यावर अॅल्युमिनियमचं जे मोठं आवरण आहे, त्यातच हेडलाइट, स्पीडोमीटर आणि अँपिअर मीटर बसवलेले असतात, आणि दोन बाजूंना दोन छोटे पायलट दिवे. डूम, म्हणजे मागची वाटी, त्या आवरणातच आली. रिंग तुमच्याकडे आहे. राहिला तो काच आणि रिफ्लेक्टरचा जोड. दुकानात ‘लाइट युनिट’ मागा. डूम मागितला की दुकानदार कोणत्या तरी दुसऱ्या गाडीची वाटीसकट हेडलाइट समोर ठेवणार.

विकत घेण्याआधी जुनं युनिट बाहेर काढून मोजलंच पाहिजे. बॅटरीची एक तार सोडा. रिंगच्या कडेला एकच स्क्रू असतो. तो गंजला असेल तर रात्रभर गंज सोडवणारं तेल लावून ठेवा. घाईत स्क्रूच्या डोक्याची खाच गेली, तर पुढे ड्रिल लावावं लागेल आणि त्यात रिंगचा क्रोम उडेल. स्क्रू ढिला झाला की रिंग त्या बाजूने आधी पुढे ओढा, मग समोरच्या बाजूच्या आकड्यातून सोडवा. दुसरा हात खाली धरा, कारण जुन्या क्लिपा कमजोर झालेल्या असतात आणि युनिट एकदम हातात येतं. होल्डर काढताना प्रत्येक तारेचा रंग आणि जागा कागदावर लिहा, मोबाइलवर फोटोही काढून ठेवा.

आता मापं. पहिलं, युनिटच्या धातूच्या कडेचा बाहेरचा व्यास. सात इंची म्हणजे १७८ मिलिमीटर, पण ते माप या कडेचं आहे. रिंग लावल्यावर बाहेरून दिसणारी काच त्यापेक्षा लहान भरते. पुष्कळ लोक गाडीवरच फूटपट्टी धरून दिसणारी काच मोजतात, दुकानात ‘साडेसहा इंची’ मागतात आणि भलतंच घेऊन येतात. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) नसेल तर युनिट उलटं कागदावर ठेवून पेन्सिलने वर्तुळ काढा आणि ते आडवं-उभं दोन्हीकडून मोजा. दोन मापांत फरक आला तर कड वाकलेली आहे. दुसरं प्रचलित गोल माप पावणेसहा इंचाचं, म्हणजे १४६ मिलिमीटरचं आहे. जुन्या गाड्यांत या दोहोंच्या मधली मापंही भेटतात, म्हणून इंचावर विसंबू नका, मिलिमीटर सांगा.

दुसरं माप कडेच्या जाडीचं. अॅम्बेसेडर आणि जीपला लागणारं सीलबंद सात इंची युनिट व्यासाने जुळतं, पण त्याची काचेची कड जाड असते. तुमच्या रिंगची खाच पातळ पत्र्यासाठी घडवलेली आहे. जाड कड आत गेली की क्लिपांना जागा उरत नाही. तुमचे पहिले दोन डूम बहुधा याच कारणाने बसले नसावेत. शिवाय मोटारीच्या युनिटला मागे तीन उंचवटे असतात, तेही आड येतात. ते घासून बसवू नका, घासताना काचेला दिसणारही नाही अशी चीर पडते आणि पहिल्या पावसात गरम काच फुटते.

तिसरं माप खोलीचं, आणि तिसरा डूम अडला तो इथेच. कडेपासून बल्बच्या होल्डरच्या टोकापर्यंत, तारा आणि रबरी टोपी धरून, मोजा. हॅलोजन बल्बची टोपी जुन्या होल्डरपेक्षा मागे जास्त येते, आणि बुलेटच्या आवरणात बरोबर तिथे मीटर आणि त्याची केबल असते. किती जागा आहे ते पाहायची सोपी युक्ती आहे. होल्डरच्या मागे कणकेचा गोळा चिकटवा, युनिट जागेवर दाबा, बाहेर काढा. गोळा जिथे चेपला तिथे काय अडतं ते कळतं आणि किती मिलिमीटर कमी पडतात तेही. चेपलेल्या कणकेची जाडी किमान ८ ते १० मिलिमीटर हवी. तेवढी नसेल तर गाडी खड्ड्यात आदळली की बल्बचे टर्मिनल मीटरच्या डब्याला लागतील आणि फ्यूज जाईल. जुन्या वायरिंगमध्ये बहुधा फ्यूज नसतोच, मग तारच जळते.

चौथी गोष्ट बल्बच्या बैठकीची. तिच्याबद्दल पुढच्या उत्तरात सविस्तर लिहिलं आहे.

पाचवी गोष्ट डिप, म्हणजे खाली झुकवलेला जवळचा झोत, कोणत्या बाजूला पडतो ही. दुकानदार याबद्दल कधीच विचारत नाही. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, म्हणून डिपचा झोत खाली आणि डावीकडे झुकायला हवा. युरोपातून आलेल्या सुट्या काचा उजव्या बाजूच्या रहदारीसाठी असतात, आणि तशी काच लावली की समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड जातो. युरोपीय मानकाच्या काचेवर वर्तुळातल्या ‘ई’ च्या शिक्क्याजवळ पाहा. काचेकडे तोंड करून उभं राहिल्यावर तुमच्या उजवीकडे दाखवणारा बाण असेल तर ती डाव्या रहदारीची. दोन्हीकडे बाण असेल तर दोन्हींसाठी चालते. बाणच नसेल तर घेऊ नका. त्याहून जुन्या काचांवर शिक्का नसतो. तिथे बल्ब पेटवून भिंतीवर झोत पाहण्याखेरीज इलाज नाही.

दुकानात जाताना जुनी रिंग आणि सगळ्या क्लिपा पिशवीत घालून न्या. युनिट रिंगमध्ये तिथल्या तिथे बसवून पाहा. काचेवर ‘टॉप’ ची खूण असते. ती वर ठेवली असता रिंगचा स्क्रू योग्य जागी येतो का, तेही तिथेच पाहा. काच दुकानातल्या वर्तमानपत्रावर धरा. उभ्या धाऱ्या ठसठशीत आणि सरळ असतील, तर काच साच्यातून नीट निघालेली आहे. धाऱ्या बुळबुळीत असतील, तर तिच्यातून झोत बनत नाही, नुसता उजेड पसरतो. काचेवर जुन्या इंग्रजी कंपनीचं नाव ठसवलेलं आहे एवढ्यावरून ती जुनी किंवा चांगली ठरत नाही, नाव साच्यात कुणीही कोरू शकतो.

इंदुरात नवं साधं युनिट छोट्या ग्वालटोलीत मिळतं, वायर आणि टर्मिनल महाराणी रोडवर, स्क्रू-वॉशर सियागंजात. इथे मिळालं नाही तर बुलेटसाठी दिल्लीचा करोलबाग सगळ्यात भरवशाचा. पुण्याची नाना पेठ, चेन्नईचं पुदुपेट आणि कोलकात्याचा मलिक बाजार इथेही जुन्या गाड्यांचे भाग निघतात. टपालाने मागवताना वरच्या पाचही गोष्टी आणि युनिटचा मागून काढलेला फोटो पाठवा. नुसतं मॉडेल आणि साल सांगून मागवलेलं युनिट चुकण्याची शक्यताच जास्त, कारण साठ वर्षांत मधल्या कुणी तरी रिंग किंवा होल्डर बदललेला असतो.

बसवताना काच खाली करून घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. स्प्रिंगच्या तारेच्या डब्ल्यू आकाराच्या क्लिपा समान अंतरावर लावा. एक टोक रिंगच्या ओठाखाली, मग मधला भाग युनिटच्या कडेवर दाबत दुसरं टोक आत. क्लिप सुटली तर थेट डोळ्याकडे उडते, चष्मा लावूनच बसा. पेचकस काचेच्या बाजूने टेकवू नका. युनिट रिंगमध्ये बोटाने फिरलं तर क्लिपा कमी आहेत किंवा ढिल्या. असं युनिट थरथरतं आणि बल्बची तार महिन्याभरात तुटते.

प्रश्न : जावा २५० साठी हेडलाइटचा बल्ब हवा आहे. दुकानदार म्हणतो होल्डर बदला आणि ६० वॅटचा हॅलोजन लावा, उजेड दुप्पट होईल. लावावा का?
— एक वाचक, देवास

उत्तर : लावू नका. जावाचा डायनॅमो ६ व्होल्ट, ४५ वॅटचा. त्यातूनच इग्निशन कॉइल, मागचा दिवा आणि हॉर्न चालतात. ६० वॅट भागिले ६ व्होल्ट, म्हणजे एकटा हेडलाइटच १० अँपिअर खाणार. डायनॅमो पूर्ण वेगातही साडेसात अँपिअरच देतो. उरलेला भार बॅटरीवर येतो. तासाभराच्या रात्रीच्या प्रवासात बॅटरी उतरते, आणि जावाचं इग्निशन बॅटरीवर असल्यामुळे दिव्याबरोबर इंजिनही बंद पडतं. तोपर्यंत दहा अँपिअर स्विचच्या जुन्या पितळी पत्त्यांतून जात राहतात आणि बेकेलाइट करपतं. जुन्या बल्बच्या टोपीवर जेवढे वॅट छापलेत तेवढेच घ्या. ३५/३५ (मुख्य झोत/डिप) असेल तर मुख्य झोताला सुमारे ५.८ अँपिअर लागतात, आणि तेही या डायनॅमोला जडच जातात.

आता बैठक. जुन्या दुचाक्यांत पाच प्रकारच्या बैठकी भेटतात. वीस मिलिमीटर जाडीचं नळकांडं, बाजूला दोन पिना आणि तळाला शिशाचे दोन ठिपके म्हणजे बीए२०डी. युरोपीय आणि भारतीय गाड्यांत ती सर्रास दिसते. पंधरा मिलिमीटरचं नळकांडं आणि वर पातळ चकती म्हणजे पी१५डी. ब्रिटिश गाड्यांत छत्तीस मिलिमीटरच्या चकतीचा बल्ब येतो, तो पी३६डी. तिथे ‘ब्रिटिश प्रीफोकस’ म्हणा, जुना दुकानदार ओळखतो. लुकास या ब्रिटिश कंपनीचा ३१२ क्रमांकाचा ६ व्होल्ट, ३०/२४ वॅटचा बल्ब याच बैठकीचा. मग पी४५टी, तीन कानांची ४५ मिलिमीटरची चकती, ज्यात जुना ४५/४० वॅटचा मोटारीचा बल्ब बसतो. आणि आजच्या एच-४ हॅलोजन बल्बची ४३ मिलिमीटरची पी४३टी. शेवटच्या दोन दिसायला सारख्या असतात, म्हणून मोजून घ्या. ४५ च्या रिफ्लेक्टरमध्ये ४३ चा बल्ब बसवायला पत्र्याची जोडरिंग मिळते, ती चालते.

कान किंवा पिना कानशीने घासून बल्ब बसवणं मात्र साफ चूक. बल्बची मुख्य तार रिफ्लेक्टरच्या केंद्रबिंदूवर असते आणि डिपची तार त्याच्या थोडी वर किंवा पुढे, म्हणून तिचा झोत खाली पडतो. दोन मिलिमीटरचा फरक पडला तरी झोताचा आकार बिघडतो, आणि बल्ब थोडा फिरून बसला तर डिप आडवा होतो. बल्ब उलटा बसला तर डिप आभाळाकडे जातो. बीए२०डी च्या बल्बवर बहुधा ‘टॉप’ लिहिलेलं असतं, तेवढं पाहा. काही जुन्या हेडलाइटमध्ये होल्डर पुढेमागे सरकवून झोत एकवटायची सोय असते. तिथला स्क्रू गंजून अडकला म्हणून लोक बल्बला दोष देतात.

प्रश्न : राजदूत १७५ चा हेडलाइट बल्ब महामार्गावर वेग घेतला की उडतो. नवं युनिट लावलं तरी तेच.
— एक वाचक, महू

उत्तर : युनिटचा दोष नाही. राजदूतचा हेडलाइट बॅटरीवर चालत नाही, मॅग्नेटच्या कॉइलमधून थेट एसी करंट घेतो. इंजिनाचा वेग वाढला की व्होल्टेज वाढतं, आणि दिव्यांचा एकूण भारच त्याला आवरून धरतो. मागचा बल्ब गेलेला असेल किंवा त्याची अर्थिंग, म्हणजे करंटची फ्रेममधून परतीची वाट, सुटली असेल, तर त्याचा वाटा हेडलाइटवर येतो. आधी मागचा बल्ब जागेवर आणि योग्य वॅटचा आहे का ते पाहा, मग मडगार्डच्या अर्थिंगचा गंज घासा. डिपर स्विच बदलताना दोन्ही झोत क्षणभर तुटत असतील तरी बल्ब उडतो. चांगल्या स्विचमध्ये एक जोड सुटायच्या आत दुसरा लागतो. मीटर एसीवर ठेवून, सगळे दिवे लावून, मध्यम वेगाला बल्बच्या टर्मिनलवर मोजा. सात व्होल्टच्या खूप वर जात असेल तर भार कमी आहे. कमी वॅटचा बल्ब टिकेल म्हणून लावाल तर तो आणखी लवकर जाईल. छापील व्होल्टेजपेक्षा ५ टक्के जास्त मिळालं तरी तारेच्या बल्बचं आयुष्य जवळपास निम्मं होतं.

प्रश्न : जुन्या ब्रिटिश गाडीचा मूळ रिफ्लेक्टर काळा-पिवळा झाला आहे. ब्रासोने चकाकेल का? की क्रोम करून घ्यावा?
— एक वाचक, मल्हारगंज, इंदूर

उत्तर : दोन्ही नको. मूळ रिफ्लेक्टर मिळत नाही अशा गाड्यांसाठी हा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण घाईघाईने घासून अनेक चांगले रिफ्लेक्टर वाया गेलेत.

आधी लेप कशाचा आहे ते ओळखा. कडेच्या आतल्या भागात, जिथे क्लिप बसते तिथे, लेप घासलेला असतो. खाली पितळ दिसलं आणि वरचा डाग तपकिरी-काळसर असेल, तर बहुधा चांदी. चांदी हवेतल्या गंधकामुळे काळवंडते. लेप निळसर-पांढरा असेल आणि बोट लागताच कायमचा डाग उमटत असेल, तर ते निर्वातात चढवलेलं अॅल्युमिनियम. त्याचा थर इतका पातळ असतो की मऊ फडक्यानेही निघून येतो. त्याला हात लावू नका. कोमट पाण्यात दोन थेंब साबण घालून नुसतं ओता, मग बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी ओतून उलटं ठेवून वाळवा. पुसायचं नाही.

चांदीचा लेप थोडा काळवंडला असेल तर कापसाचा बोळा कोमट पाण्यात भिजवून मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत हलकेच फिरवा. गोल फिरवलं की बारीक वर्तुळाकार ओरखडे पडतात आणि झोताभोवती धुक्यासारखं वलय दिसतं. ब्रासोत घासणारी भुकटी असते, ती काही मिनिटांत चांदी उतरवून पितळ उघडं करते.

लेपच गेला असेल तर पुन्हा चढवता येतो. पितळी किंवा लोखंडी रिफ्लेक्टर आधी आरशासारखा बफ करावा लागतो. काम या बफिंगमध्ये असतं, कारण खालच्या धातूवरचा प्रत्येक ओरखडा वरच्या लेपातून दिसतो. त्यावर निकेल आणि शेवटी चांदी. प्लेटिंगवाल्याला स्पष्ट सांगा की वर वार्निश मारायचं नाही. बल्बच्या उष्णतेने ते पिवळं पडतं आणि उजेड मातकट होतो. दुसरा मार्ग निर्वातातल्या अॅल्युमिनियमचा. हे काम करणारे कारखाने प्लॅस्टिकच्या चमकदार वस्तू करतात, त्यांना आधी सांगावं लागतं की रिफ्लेक्टर तापणार आहे, म्हणून खालचा लेप भट्टीत भाजून घ्या.

चांदी सुमारे ९५ टक्के उजेड परतवते, अॅल्युमिनियम ८५ ते ९० टक्के. क्रोम मात्र ६० ते ६५ टक्क्यांवरच राहतो, दिसायला कितीही झगझगीत असला तरी. क्रोम केलेला रिफ्लेक्टर दिवसा छान दिसतो आणि रात्री निराश करतो. रिंगला क्रोम जरूर करा. रिंग पितळी आहे की लोखंडी ते लोहचुंबकाने पाहा, फक्त क्रोमखालच्या निकेलमुळे पितळी रिंगलाही चुंबक किंचित ओढ घेतो. घट्ट चिकटला तरच लोखंड समजा.

काच आणि रिफ्लेक्टर सुटे असतील तर मधली कॉर्कची किंवा रबरी पट्टी नवी घाला. सिलिकॉन लावणार असाल तर डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते वापरू नका. त्यातून सुकताना सुटणारं अॅसिड बंद हेडलाइटमध्ये कोंडून राहतं आणि नवा लेप काही आठवड्यांत डागाळतो. ‘न्यूट्रल’ लिहिलेलं घ्या, आणि काच बसवण्याआधी पूर्ण सुकू द्या.

प्रश्न : नवं युनिट, नवा बल्ब, बॅटरीही चांगली, तरी उजेड पिवळाच पडतो. गाडी ६ व्होल्टची आहे.
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : व्होल्टेज वाटेत गळतं आहे. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने उतरतो. १० टक्के व्होल्टेज कमी झालं की सुमारे ३० टक्के उजेड जातो. १२ व्होल्टच्या गाडीत ०.६ व्होल्ट गळणं म्हणजे ५ टक्के, ६ व्होल्टच्या गाडीत तेच १० टक्के होतात. म्हणून ६ व्होल्टच्या गाडीत जोड चकचकीत असायलाच हवेत.

बॅटरीचा अर्थ न केलेला टर्मिनल आणि बल्बचा करंट येणारा ठिपका, यांच्यामध्ये मीटर लावा आणि दिवा पेटवा. जेवढे व्होल्ट दिसतील तेवढे तारा-स्विचमध्ये गळतात. ०.३ पेक्षा जास्त असतील तर स्विच, डिपर आणि जोड एकेक करून तपासा. मग मीटरचं एक टोक रिफ्लेक्टरच्या धातूला आणि दुसरं बॅटरीच्या अर्थ टर्मिनलला लावा. बहुतेक वेळा दोष इथेच निघतो. हेडलाइटची अर्थिंग मूळ रचनेत हँडलच्या बेअरिंगमधून फ्रेमला जाते. बेअरिंगला ग्रीस भरलं, डूमला आतून रंग मारला, की ती वाट बंद. रिफ्लेक्टरपासून थेट बॅटरीच्या अर्थपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची वेगळी तार टाका, पुष्कळ गाड्यांत एवढ्यावरच काम भागतं. करंट नेणारी तारही तेवढ्याच जाडीची हवी. अर्धा चौरस मिलिमीटरची पातळ तार दोन मीटर लांबीत सहा अँपिअरला ०.४ व्होल्टच्या आसपास खाते, अडीचची ०.१ व्होल्टसुद्धा नाही. रिले (करंटवर चालणारा स्विच) लावायचा झाला तर ६ व्होल्टचाच हवा. १२ चा रिले ६ वर ओढत नाही.

प्रश्न : एलईडी बल्ब लावून हा सगळा खटाटोप टाळता येईल का? माझी गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे.
— एक वाचक, राऊ

उत्तर : करंट कमी लागतो हे खरं. पण १९५०-६०च्या दशकांतल्या अनेक ब्रिटिश गाड्यांप्रमाणे तुमच्या गाडीची चेसिस पॉझिटिव्ह आहे. साध्या एलईडी बल्बची बाहेरची टोपी निगेटिव्ह असते. तो पेटणार नाही, किंवा आतला भाग जळेल. ‘पॉझिटिव्ह अर्थ’ किंवा ‘दोन्ही दिशांना चालणारा’ असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या. तारेच्या बल्बला याने काही फरक पडत नाही. दुसरं, एलईडीचे ठिपके तारेच्या जागी नेमके येत नाहीत, म्हणून जुन्या काचेतून झोत पसरतो आणि डिपची वरची कड राहत नाही. भिंतीवर पाहून पटलं तरच ठेवा. मॅग्नेटच्या एसीवर चालणाऱ्या गाड्यांत एलईडी आयडलिंगला लुकलुकतो आणि वेगात व्होल्टेजच्या उसळीने जातो. राजदूतवाल्यांनी तो टाळावा.

प्रश्न : व्हिंटेज नोंदणीसाठी मूळ कंपनीचाच हेडलाइट लागतो का? आणि झोत कसा लावायचा?
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली दुचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. अट आहे ती चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल नसण्याची. गंजलेल्या रिफ्लेक्टरऐवजी तशाच मापाचा दुसरा लावणं त्यात मोडत नाही. नवी नोंदणी २०,००० रुपये, पुन्हा नोंदणी ५,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. रोज गाडी वापरायची असेल तर नेहमीचीच नोंदणी ठेवा. पाहणीच्या वेळी गोल काचेऐवजी चौकोनी हेडलाइट किंवा रंगीत एलईडी मात्र प्रश्न उभे करतो, तो आधीच काढून ठेवा. जुनं युनिट तुटकं असलं तरी टाकू नका. पुढे कधी मूळ काच मिळाली तर तिला हीच कड आणि हाच होल्डर लागणार.

झोतासाठी गाडी सपाट जमिनीवर, भिंतीपासून १० मीटरवर उभी करा. टायरांत हवा पूर्ण, स्टँड काढलेला, आणि नेहमी चालवणारा माणूस सीटवर बसलेला हवा. रिकामी गाडी पुढे कललेली असते, त्यावर लावलेला झोत माणूस बसल्यावर वर जातो. काचेच्या मध्याची जमिनीपासून उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीला खडूने आडवी रेघ ओढा, तिच्या १० सेंटिमीटर खाली दुसरी. डिपच्या उजेडाची वरची कड खालच्या रेघेवर आली पाहिजे, आणि जास्त उजेड डावीकडे. मागे कुणाला बसवून जात असाल तर त्यालाही बसवूनच मोजा. बुलेटसारख्या गाडीत, जिथे डूम वळत नाही, तिथे युनिट रिंगमध्ये किंचित कलतं करून किंवा रिंगच्या खालच्या कडेला पातळ रबरी पट्टी देऊन झोत बसवावा लागतो. सुटा डूम असेल तर दोन्ही बाजूंचे बोल्ट अर्धवट ढिले करून डूम हलवा, रेघ जुळली की एकेक करून आळीपाळीने घट्ट करा. एकदम एकच घट्ट केलात तर डूम त्याच्याबरोबर फिरतो आणि पुन्हा पहिल्यापासून लावावं लागतं.